खोडदच्या विहारातला रविवारचा वर्ग

खोडदच्या विहारात रविवारी मुलांकडून वंदना म्हणून घ्यायचं काम मी एकवीस वर्षं केलं. २००४ च्या पौषात आमच्या मंडळाचा अध्यक्ष नवनाथ यानं तो वर्ग बंद करायची सभा बोलावली.

"काकू, पोरं पोपटासारखी पाली म्हणतात. अर्थ ठाऊक न्हाई. मोठी झाल्यावर ज्याचं त्यानं ठरवावं. घोकंपट्टी सोडूनच आपण धम्मात आलो ना?"

माझी नात कल्याणी पुण्याला एम. ए. करत होती. ती उठली. "काका, मी ज्यावर प्रबंध लिहितेय, त्याला उत्तर-उदारमतवाद म्हणतात."

"एवढा मोठा शब्द! एसटीत अर्धं तिकीट पडलं का त्याला?"

सगळे हसले. तीही हसली. "धर्म म्हणजे ज्याच्या त्याच्या मनातलं मत, असं उदारमतवादी मानतात. हे उत्तरवाले म्हणतात, धर्म मातृभाषेसारखा असतो. माणसांत राहून, करून येतो. मत नंतर बनतं."

"आमच्या पोरांना काय येतं, ते बघूच," म्हणत नवनाथनं स्वतःच्या सात वर्षांच्या पोरीला उभं केलं. "स्नेहा, दुसऱ्या शीलाचा अर्थ सांग."

स्नेहानं शील म्हटलं. मग फ्रॉकच्या खिशातून मूठभर बोरं काढली.

"सावळेरामबाबांच्या बांधावरची. इचारलं न्हाई."

"अगं, अर्थ इचारला!"

"आधी देऊन येते," म्हणत ती पळालीसुद्धा.

दुसरं शील म्हणजे न दिलेलं न घेणं; न विचारता घेतलेलं परत केल्याशिवाय ते म्हणायचं नाही, हा माझ्या वर्गाचा रिवाज. त्या दिवशी तिच्याकडून क्रम चुकला, एवढंच.

नवनाथ दाराशी जाऊन पोरीला बघून आला. कल्याणी हळूच म्हणाली, "काका, छप्पन्न सालच्या दीक्षेनंतर आपल्या वस्तीनं जुनं सोडलं, तेही एकेकट्यानं नाही. सगळ्यांनी मिळून."

मी तेव्हा बारा वर्षांची होते. माझ्या आईनं देव्हारा उतरवला, तेव्हा शेजारच्या साळुबाई तिचा हात धरून उभ्या होत्या. ते मी सभेत सांगितलं. 

"वर्ग चालू राहू द्या," नवनाथ म्हणाला, "पर अर्थबी सांगायचा."

"मग तू सांग की. माझी शाळा चौथीपर्यंत."

पुढच्या रविवारी तो वही घेऊन आला. बसण्याआधी मुलांनी त्याला खिसे दाखवायला लावले. अध्यक्षानं निमूटपणे दोन्ही खिसे उलटे केले, आणि मी मान ताठ करून वंदना सुरू केली.