गुरुमहाराजांचा खोटा झगा

मी एक झगा बोलतोय. धर्मगुरूंचा, पण खोटा, नाटकातला. मूळचा मी खिडकीचा जांभळा पडदा, उन्हानं विटलेला. शिंपीदादांनी एक प्रहसन लिहिलं, आणि मला कापून-शिवून झगा केला त्यांच्या बायकोनं, काकूंनी. काकू नेमधर्माच्या. सुई ओवतानाच त्यांनी विचारलं, "अहो, ही देवाची थट्टा तर नाही ना?"

"देवाची नाही गं. त्याच्या दारात आडवे उभे राहतात ना, त्यांची."

काकूंना पुरतं पटलं नाही. खरं सांगू? मलाही कळलं नाही.

आमच्या प्रार्थनाघराचा नियमच होता : ठिगळाच्या कपड्यांत आत यायचं नाही. देवापुढे नीटनेटकं असावं म्हणे. नट मला घालून, पोटाला उशी बांधून बाजारात उभा राही आणि भिंगातून लोकांची ठिगळं मोजी. "एक ठिगळ देव सोसतो. दुसरं दिसलं की त्याला शिंका येतात!" लोक पोट धरून हसत. ठिगळवालेही हसत. मग यावर रडायचं की हसायचं, माझा गोंधळ उडे.

एकदा खेळ संपला आणि धुणेवाली मावशी पुढे आली. प्रार्थनाघरातल्या चादरी तीच धुते, मागच्या दारानं नेते-आणते; खरे गुरुमहाराज तिनं कधी पाहिलेच नव्हते. तिनं माझा काठ धरला.

"महाराज, उद्या माझ्या मालकांना जाऊन वर्ष होतं. आत त्यांचं नाव घेऊ द्या. माझ्याकडे एवढाच कपडा आहे हो."

नट गडबडला. "अहो मावशी, मी खरा नाही. नाटकातला आहे."

"गरिबाला टाळायचं तर काहीही सांगाल!"

कुणी हसलं नाही. काकू धावत आल्या. "मावशी, माझा चांगला कपडा घाला उद्या."

"नको बाई. उसन्या कपड्यात गेले तर हे ओळखतील का मला?"

काकू तडक घरी आल्या. मला मांडीवर घेतलं, माझ्या काठाचा वीतभर तुकडा कापला आणि स्वतःच्या सणासुदीच्या कपड्यावर, अगदी छातीशी, ठिगळ लावलं. शिंपीदादा बघतच राहिले. "अगं, चांगल्या कपड्याची वाट लावलीस!"

"नेम केलाय मी," काकू म्हणाल्या. "मावशी आत जाईपर्यंत हे उसवायचं नाही."

सकाळी प्रार्थनाघराच्या दारात दरवानानं दोघींपुढे हात आडवा धरला. "काकू, तुम्ही? आणि ठिगळ?"

"कालच लावलंय. कालपर्यंत तर देवाला मी चालत होते, नाही का रे दादा?"

मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, हा तर नाटकातल्या महाराजांचा झगा! आता देवाला शिंक येणार!"

सगळी रांग खळखळून हसली. दरवानालाही हसू फुटलं. ते लपवायला त्यानं तोंडावर हात नेला, तोच आडवा धरलेला हात. दार मोकळं झालं. दोघी आत गेल्या.

मावशीनं नवऱ्याचं नाव घेतलं. एकदा हळू, मग मोठ्यानं. माझा तुकडा काकूंच्या छातीवर होता, त्यानं ऐकलं. शिंक काही आली नाही.

आता मी खिळ्याला टांगलेला आहे, एका बाजूनं तोकडा. माझ्यातला थट्टेचा भाग कोणता आणि प्रार्थनेचा कोणता, मला अजून उमगत नाही. तुम्हाला उमगलं तर सांगा. तोवर एवढंच करा : मला बघून हसाल, तेव्हा शेजारी कोण हसत नाहीये, तिकडेही जरा बघा.