दोन सामन्यांमधला मंगळवार

लेनर्ड दुबियेलने तिसऱ्या पेन्सिलीला टोक काढलं, अंगठ्यावर टोचून पाहिलं आणि चौथी हातात घेतली. उद्याच्या बेसबॉल सामन्याचा स्कोअर लिहायला दोन पेन्सिली पुष्कळ होत्या. पण हात रिकामे राहिले की डोकं भरायला लागतं. सामन्याच्या दिवशी माणूस निदान पंचाला शिव्या घालून मोकळा होतो. हा मधला मंगळवार म्हणजे नुसती टांगती तलवार. मालिका तीन-तीन अशी बरोबरीत होती. उद्या हरलो, तर एप्रिलमध्ये नवा हंगाम सुरू होईपर्यंत सगळ्या क्लीव्हलंडला सुतक.

मुलगी मागच्या दाराने आत आली आणि तिने डबा ओट्यावर ठेवला.

"चर्चमधल्या बायकांनी पिएरोगी दिल्यात. बटाट्याचं सारण भरलेल्या. पपा, हा शर्ट किती दिवस धुतला नाही?"

"सहा सामने. मालिका चालू असताना शर्ट धुवायचा नसतो."

"त्यातले तीन हरलात की!"

"धुतला असता तर सहाही हरलो असतो."

क्लॉडिया हसली. तीस वर्षांची झाली तरी हसताना तिचं नाक तसंच आक्रसायचं. तिने कोट काढला नव्हता, किल्ल्या हातातच होत्या. ती वेगळी राहायला लागल्यापासून दर ऑक्टोबरमध्ये हे असंच चाललं होतं. ती डबा घेऊन यायची, चेष्टा करायची, पण सामना लागायच्या आत निघून जायची. तिला सगळं ठाऊक आहे, म्हणूनच ती थांबत नाही, अशी लेनर्डची खात्री होती.

एकोणीस वर्षांपूर्वी, अशाच एका सामन्याच्या दिवशी, त्याची बायको आयरीन तापाने वरच्या खोलीत झोपली होती. तो रेडिओ आणि वही घेऊन पुढच्या व्हरांड्यात बसला होता आणि अकरा वर्षांची क्लॉडिया आत टीव्हीसमोर. सातवी इनिंग, दोन आउट, तिन्ही बेसवर समोरच्यांचे खेळाडू. वरच्या खिडकीतून हाक आली, "लेन!" एवढा एक चेंडू होऊ दे, असं तो मनाशी म्हणाला. एकाचे पाच झाले. शेवटी फलंदाज आउट झाला. लेनर्डने वहीतल्या चौकटीत तशी खूण केली आणि मग तो उठला. तो वर पोचला तेव्हा आयरीन न्हाणीघराच्या दारात पडली होती, आणि तिच्यात प्राण उरला नव्हता.

डॉक्टरांना त्याने सांगितलं, "रेडिओ मोठा होता, काही ऐकूच आलं नाही." क्लॉडिया तेव्हा त्याच्या बाहीला धरून उभी होती. कुणीही शंका घेतली नाही. पण तेव्हापासून सातव्या इनिंगला, प्रेक्षकांच्या ऐन गलक्यात, ती हाक वरून येते. घरात आपण एकटेच आहोत हे माहीत असूनही तो दर वेळी जिन्याकडे बघतो.

"उद्या थांबशील?" त्याने विचारलं. "आपला संघ इथवर काय दर वर्षी पोचतो? आणि मीही आता सत्तरीचा झालो."

"मला नाही जमायचं, पपा."

"का?"

इतक्या वर्षांत त्याने हे कधी विचारलं नव्हतं.

क्लॉडियाने किल्ल्या टेबलावर ठेवल्या.

"आईने हाक मारली होती."

लेनर्डने पेन्सिल खाली ठेवली. आली ती वेळ, असं त्याला वाटलं. भीती वाटली, आणि बरंही वाटलं.

"मी ऐकली होती," ती म्हणाली. "तुम्ही बाहेर, रेडिओ मोठा, तुम्हाला कुठून ऐकू येणार? घरात ऐकणारी मी एकटी. आणि मला वाटलं, हा एवढा आउट होऊ दे, मग जाऊ. टीव्हीवर तेच चित्र आलं की मला बघवत नाही. म्हणून नाही थांबत. तुम्हाला सांगायची हिंमतच झाली नाही."

ती रडत नव्हती. बोलण्यावरून वाटत होतं, हे तिने मनाशी शंभरदा म्हणून पाहिलं असावं.

अगं, पोर होतीस तू, असं म्हणणं सोपं होतं. ते शब्द त्याच्या ओठांवर आलेही. ती डोळे पुसून घरी गेली असती आणि त्याच्याकडे आजवर पाहत आली तशीच पुढेही पाहत राहिली असती. डॉक्टरांपुढचं ते एक वाक्य आपण कुणाच्या डोक्यावर ठेवलं, हे त्याला आज कळलं. त्याला स्वतःची मनस्वी लाज वाटली.

"क्लॉडी, बस."

"नको, मला उशीर—"

"बस गं जरा."

ती बसली.

"मीही ऐकली होती," लेनर्ड म्हणाला. "नाव माझं घेत होती ती. एकदा नाही. दोनदा."

क्लॉडिया त्याच्याकडे बघत राहिली. त्याने मान खाली घातली नाही, तेवढं तरी तो तिचं देणं लागत होता.

"मी एकदाच ऐकली," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा काय म्हणाली?"