व्यसन नाही

आमच्या संग्रामपूर तालुक्यात कशाचंही खापर पऱ्हाटीवर, म्हणजे बीटी कपाशीवर, फोडता येतं. म्हैस आटली, बीटीची सरकी. अंगाला खाज सुटली, बीटीची फवारणी. गावातल्या पुष्पाची मुलगी अपेक्षा नऊ वर्षांची झाली तरी दोनचा पाढा येईना, आत्ता सांगितलेलं आत्ता आठवेना. तेव्हा तिची आजी अंबूबाई गावभर सांगत सुटली, की सून पोटुशी असताना बीटीच्या वावरात कापूस वेचत होती, तिथंच पोरीला बाधलं. मी राबिया, गावची आशाताई; गरोदर बायांची नोंद ठेवणं माझं काम. मला राग यायचा, पण अडवणार कशाच्या जोरावर? मलाही दुसरं काही माहीत नव्हतं.

यंदा बोंडअळीनं वावरं पोखरली, त्याच सुमारास तालुक्याला मुलांच्या तपासणीचं शिबिर लागलं. पुष्पाला पुन्हा दिवस गेलेले, पाचवा महिना; तरी वेचणी सोडता येईना. म्हणून अपेक्षाला मीच घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी तिचं डोकं मापलं, बारीक डोळे पाहिले, नाकाखालची सपाट जागा बोटानं चाचपली आणि मला विचारलं, "हिची आई गरोदरपणात दारू घ्यायची?"

मी चिडलेच. म्हटलं, "मॅडम, चांगल्या घरची बाई आहे. तिचं गरोदरपणाचं कार्ड मीच भरलं होतं. व्यसन नाही, असं लिहिलंय त्यात."

"विचारून लिहिलं होतं?"

विचारलं नव्हतं. मानानं राहणाऱ्या घरातल्या सुनेला असलं विचारायचं कसं? त्या वर्षी मी कामाला नवी होते. घरी बसून गावातल्या साऱ्या गरोदर बायांच्या नावापुढे एका दमात 'नाही' लिहून काढलं होतं, आणि काम उरकलं म्हणून खूशही झाले होते.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. आईनं घेतलेली दारू पोटातल्या बाळापर्यंत पोचते, त्याच्या मेंदूला इजा करते, आणि ती इजा भरून येत नाही, असं त्यांनी सांगितलं. नक्की कारण आईला विचारल्याशिवाय कळणार नव्हतं. मग म्हणाल्या, पोरगी आळशी नाही, मुद्दाम करत नाही. एका वेळी एकच गोष्ट सांगा, रोज त्याच क्रमानं करून घ्या, विसरली तर मारू नका. असं सांभाळलं तर ही मुलंही चांगली जगतात.

जीपमधून उतरून मी थेट वावरात गेले. अपेक्षाला विहिरीवरून पाण्याची कळशी आणायला पाठवलं, तिच्यासमोर बोलायचं नव्हतं. पुष्पा धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसली होती. कमरेला कापसाची ओटी तशीच बांधलेली, हातात औषधाची जुनी बाटली. दारूचा वास मला दहा पावलांवरूनच आला.

"काय वं पुष्पा हे?"

"दवाई." ती जराही लाजली नाही. "कंबर लय धरली, ताई. आत्याबाईनं देल्ली. मोहाची पहिल्या धारेची हाय. सकाळी एक कप, सांजीले एक कप."

"अपेक्षाच्या टायमाले बी घेत होती?"

"हाव. तवा तं वेचणीपासून बाळंतपणापर्यंत घेतली. काऊन?"

मी तिच्याशेजारी मातीत बसले आणि डॉक्टरीणबाईंचं सारं बोलणं सांगितलं. अंबूबाई पलीकडच्या ओळीत वेचत होत्या, त्या तरातरा आल्या.

"राबिया, तुमच्यात चालत नाही म्हणून तुले सारीच दारू दिसून राह्यली का? दारू गडीमाणसं पेतात. ही दवाई हाय. माह्या सासूनं मले देल्ली, म्या हिले देल्ली. म्या माह्या नातीचं वाईट करीन का?"

त्यांच्या आवाजात भांडण कमी आणि भीती जास्त होती. एरवी मी कुणाचं ऐकून घेत नाही. त्या दिवशी मात्र ऐकून घेतलं. हे बोलायची वेळ दहा वर्षांपूर्वी होती, आणि ती मीच घालवली होती. तसं मी त्यांना सांगितलंही. अंबूबाई खाली बसल्या.

पुष्पानं बाटली मातीत रिकामी केली.

"आज सोडली तं हे चांगलं निपजन नं, ताई?" तिनं पोटावर हात ठेवला.

"आज सोडली तं आजपासूनचा फायदा हाय. मागच्या पाच महिन्यांचं मले नाही सांगता येत."

"अन् म्या सोडली तं अपेक्षाचं बी सुधरन?"

"नाही वं."

तिनं ओटीतला कापूस आत दाबला. मग म्हणाली, "म्या तं तिले रोज मारते. मुद्दाम करते वाटे."

तेवढ्यात अपेक्षा आली. रिकाम्या हातानं, हसत. कळशी कुठं राहिली, पाणी कुणी मागितलं होतं, काहीच तिला आठवत नव्हतं. सवयीनं पुष्पाचा हात वर गेला आणि तसाच राहिला. पोरगी डोळे गच्च मिटून, गाल पुढे करून उभी होती.