बी न धरणारी फुलं

मी एक जुनं झुडूप आहे, मित्रांनो. भर समुद्रातल्या बेटावर, दीपगृहाच्या पायऱ्यांपाशी उभा आहे. कमरेइतकी उंची, जाड लवदार पानं आणि वर्षातून एकदा येणारी जांभळी फुलं. माझी जात या बेटाबाहेर कुठेच उगवत नाही. पण हे आम्हाला तरी कुठे ठाऊक होतं? उतारावर आम्ही शेकड्यांनी होतो.

मग दीपगृहावर नवा रखवालदार आला. सोबत बायको, तान्ही मुलगी आणि तीन शेळ्या. सामानाची बोट दोन-दोन महिने यायची नाही, म्हणून लेकीच्या दुधासाठी शेळ्या. बाई मोठी मायाळू. आमची फुलं लेकीच्या टोपीत खोचायची. शेळ्या तिनं मोकळ्या सोडल्या. तिनाच्या तीस झाल्या आणि आमच्या पानांना चटावल्या. मुलगी शाळेच्या वयाची झाली, तोवर उतार बोडका झाला होता. मी तेवढा पायऱ्यांच्या कठड्याआड होतो, म्हणून वाचलो.

एकदा वनस्पतींच्या अभ्यासक बाई बोटीनं आल्या. दोन दिवस त्यांनी बेट पालथं घातलं आणि माझ्यापाशी येऊन मटकन खाली बसल्या.

"वहिनी, बाकीची झुडपं कुठे गेली?"

"ही होय? का हो?"

"जगात दुसरीकडे कुठेच नाहीत ही."

रखवालदाराच्या बायकोचा चेहरा पडला. "अगं बाई! माझ्याच शेळ्यांनी खाल्ली की. मला कुणी सांगितलंच नाही हो!"

"आम्हालाही यायला उशीरच झाला," त्या हळूच म्हणाल्या.

त्याच बोटीनं सगळ्या शेळ्या गेल्या. मुलगी आठवडाभर रडली. अभ्यासक बाईंनी माझ्या फांद्या नेल्या, पण एकीलाही मूळ फुटलं नाही. आमच्या फुलात दुसऱ्या झुडपाचे पराग पडले, तरच बी धरतं. दुसरं उरलंच नव्हतं. तरी ती माउली दर वर्षी माझी सुकलेली फुलं चुरगाळून बी शोधायची. बदली होऊन निघाली, त्या सकाळीही तिनं शोधलं. "चुकलं रे माझं," एवढंच म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावून पायऱ्या उतरली.

तिच्यावर माझा राग नाही, मित्रांनो. शेकड्यांनी असलेलं काही संपेल, असं कुणाच्या मनात येतं? म्हणून सांगतो, तुमच्या दारात जे भरभरून उगवतंय, त्याची आजच विचारपूस करा. माझं काय, यंदाही मी अंगभर फुललोय.