साठ तांबड्या गोळ्या आणि मी

मित्रांनो, जरा लांबच उभे राहा. मी एक जुना लोखंडी खलबत्ता आहे आणि ठोकण्यापलीकडे मला काही येत नाही. माझ्या काठाचा एक टवका उडालेला आहे, पाहिलात? तो कसा उडाला, ते आज तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म आगीतला. अण्णासाहेब चिंचवडच्या एका फाउंड्रीत साचे भरायचे. एकदा भट्टीतला थोडा रस उरला, तेव्हा मिस्त्रींना विचारून त्यांनी वाळूत माझा साचा दाबला आणि लालभडक लोखंड त्यात ओतलं. निवालो न निवालो तोच हातोड्यानं मला झोडून अंगावरची वाळू पाडली. मग सायकलला बांधून निगडीच्या दोन खोल्यांत आणलं आणि बायकोच्या, भिमाबाईंच्या, पुढ्यात ठेवलं.

तेव्हापासून पंचवीस वर्षं मी नुसता फोडत होतो. सुंठ फोडली, मिरे फोडले, हिवाळ्यात लाडवांचा डिंक फोडला, लसणाचा तर रोज चेंदामेंदा केला. भिमाबाईंचा हात बसला की फळीवरची भांडी थरथरायची. खालच्या मजल्यावरच्या जास्मिनभाभी जिन्यातून विचारायच्या की आज कोणाचा जीव घेताय. ते ऐकलं की मला फार बरं वाटायचं. आज त्याची लाज वाटते.

भिमाबाई गेल्या, घरात मिक्सर आला आणि मी ओट्याखाली रद्दीमागे जाऊन पडलो. मला गंज चढला. अंगातली रग मात्र तशीच होती.

आता घरात अण्णासाहेब, त्यांचा मुलगा नागसेन, सून तनुजा आणि पाच वर्षांची नात मैत्री. नागसेन निघोज्याच्या एका कंपनीत शिफ्टला जातो, तनुजा शाळेच्या कार्यालयात काम करते. मैत्री अंगानं बारीक. बालवाडीत तपासणी झाली तेव्हा तिचं रक्त थोडं कमी निघालं. डॉक्टरांनी लोहाचं पातळ औषध दिलं, रोज अर्धा चमचा, मोजून.

अण्णासाहेबांना हे काही पटेना. साचा ढासळू नये म्हणून वाळूत एक मूठ माती जास्तच टाकायची, अशी त्यांच्या हाताला जन्मभराची सवय. अर्ध्या चमच्यानं लेकराला ताकद कुठून येणार, म्हणून ते सुनेशी वाद घालू लागले. डॉक्टरांच्या मापात हात घालू नका, असं तनुजानं बजावलं. ते गप्प बसले. तनुजाला वाटलं, त्यांना पटलं.

मंगळवारी सगळे घराबाहेर पडल्यावर त्यांनी मला ओढून बाहेर काढलं, विटेच्या भुकटीनं खसाखसा घासलं, पुसून तेल लावलं. मग कपाटातून गोळ्या काढल्या. तनुजाला डॉक्टरांनी दिवसाला एक अशा लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या. तिनं कंटाळून त्या मध्येच सोडल्या होत्या. त्यातल्या साठ उरल्या होत्या, तांबड्या, गुळगुळीत. नागसेनला कंपनीच्या शिबिरात मिळालेली जीवनसत्त्वांची बाटलीही त्यांनी माझ्यात रिकामी केली.

मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मी खुशीत होतो. कित्येक वर्षांनी बत्ता हाणला जात होता. गोळ्यांची टरफलं फटाफट फुटली, आतलं पीठ उडालं, एकही गोळी मी शाबूत ठेवली नाही. अण्णासाहेबांनी ती पूड शेंगदाण्याच्या कुटात मिसळली, गूळ आणि तूप घातलं आणि भिमाबाई वळायच्या तसे वीस लाडू वळले. नातीला ताकद येईल, एवढंच त्या म्हाताऱ्याच्या मनात होतं.

दुपारी मैत्री घरी आली. त्यांनी तिला एक लाडू दिला, तो तिला आवडला. डबा पलंगावरच ठेवून ते टीव्हीसमोर बसले आणि तिथंच त्यांचा डोळा लागला. पोरीनं आणखी तीन लाडू खाल्ले. मोठ्या माणसाला दिवसाला एक असलेल्या गोळ्या त्या चिमुकल्या पोटात बारा गेल्या.

तासाभरात तिच्या पोटात मारहाण सुरू झाली. ती दुमडून खाली पडली, किंचाळली आणि माझ्यासमोरच्या फरशीवर भडाभडा ओकली. ते काळपट होतं आणि त्यात रक्त होतं. पुन्हा ओकली, पुन्हा रक्त. नंतर ती शांत झाली आणि बरं वाटतंय म्हणाली. अण्णासाहेबांनी फरशी पुसली. तनुजा आल्यावर त्यांनी पोट बिघडलं होतं, आता उतार आहे, एवढंच सांगितलं. लाडवांचं नाव काढलं नाही. भीती वाटली आणि त्याहून जास्त लाज वाटली.

पण तनुजानं फरशीच्या फडक्यावर रक्त पाहिलं. तिनं लेकीला उचललं आणि जास्मिनभाभींच्या नवऱ्याच्या, मीरासाहेबांच्या, रिक्षात घालून दवाखाना गाठला. तिथं मैत्रीची शुद्ध हरपली. पोरीनं काय खाल्लं, हे डॉक्टर सारखं विचारत होत्या आणि तनुजाला ते ठाऊक नव्हतं.

तिचा फोन आला तेव्हा नागसेन कामावरून परतत होता. तो धाडकन घरात शिरला, त्यानं डबा पाहिला, माझ्या तळाची तांबडी पूड पाहिली. बत्ता उचलून त्यानं तो बापाच्या डोक्यावर उगारला. मी आयुष्यभर फोडत आलोय, पण तो एक घाव बसू नये असं मला वाटलं. बत्ता खाली आलाच नाही. त्यानं मलाच उचललं आणि भिंतीवर आपटलं. भिंतीचा गिलावा पडला आणि माझा टवका उडाला.

"अण्णा, काय घातलंत तिच्या पोटात?"

अण्णासाहेब उठले. त्यांनी रिकामी पाकिटं आणि बाटली कचऱ्यातून काढून पिशवीत घातली, मला उचलून छातीशी धरलं आणि मुलाच्या मागं गाडीवर बसले. दवाखान्यात त्यांनी मला डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं. सगळ्यांसमोर.

"साठ गोळ्या व्हत्या, बाई. वीस लाडू झाले. पोरीनं चार खाल्ले. ह्यात कुटलं, मीच कुटलं."

डॉक्टर लगेच उठल्या. अंगातलं लोह बाहेर ओढणारं औषध शिरेतून सुरू झालं. लोहाच्या विषात मध्ये थोडा वेळ बरं वाटतं आणि माणसं तिथंच फसतात, आत घाव चालूच असतात, असं त्यांनी नागसेनला सांगितलं. आणखी काही तास गेले असते तर पोर हाती लागली नसती. तीन दिवस मैत्री नळ्यांमध्ये पडून होती. चौथ्या दिवशी तिनं आईकडे पाणी मागितलं.

मित्रांनो, मी लोखंडाचा आणि ती गोळीही लोहाची. मापात असली तर ती रक्तात उतरते, माप सुटलं की मारते. जीवनसत्त्वांचंही तसंच आहे. आठवड्याची गोळी रोज घेऊ नका, एकाची गोळी दुसऱ्याला देऊ नका, औषधाचा खाऊ करू नका आणि गोळ्या लहानांच्या हाताला लागू देऊ नका. आणि चूक झालीच तर लाजेनं गप्प बसू नका, त्याच क्षणी सांगा.

तनुजा आता माझ्यात फक्त लसूण कुटते. पहिला ठोका पडला की मैत्री असेल तिथून पळत येते, माझ्या तुटक्या काठाला धरून आत वाकते आणि विचारते, "यात गोळी नाही ना?"

पलंगावरून अण्णासाहेब रोज तेच सांगतात, "न्हाई गं बाय, लसूण हाय."

तिचं त्यावर भागत नाही. ती माझ्यात हात घालून, तळ चाचपून बघते. तेवढा वेळ तनुजा बत्ता वर धरून थांबते आणि मीही थांबतो.