मागे न जाणारा रणगाडा

मैदानावर रांगोळीची चाळीस फुटांची सरळ रेघ ओढली होती आणि रणगाडा तिसऱ्यांदा तिच्यावरून उजवीकडे उतरला. पहिले चार-पाच फूट काही कळलं नाही. मग नाक हळूहळू झुकत गेलं, आणि दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत तो रेघेपासून दोन हात लांब, कण्हेरीच्या कुंपणाकडे निघाला होता. अडीच फूट लांबीचा, पत्र्याचा, हिरवा रंग दिलेला तो नमुना कुंपणाला लागायच्या आत हेमलतेने बटणं सोडली.

"रेडिओच," देवस्थळी म्हणाले. "दुसरं काय असणार?"

हेमलता निपाणीकरने ट्रान्समीटरचा पट्टा गळ्यातून काढून तो टेबलावर ठेवला. रणगाड्याच्या पोटातला रिसीव्हर तिने बांधला होता. एकेक ट्रान्झिस्टर तपासून, एकेक टाका स्वतः मारून. धारवाडहून फिजिक्समध्ये एम.एस्सी. करून ती बंगळूरच्या या प्रयोगशाळेत आली त्याला दोन वर्षं झाली होती, आणि सबंध सेक्शनमध्ये ती एकटीच बाई होती. रत्नाकर देवस्थळी तिचे प्रमुख. पुण्याचे, नीटनेटके, आणि कुठल्याही दोषाला चोवीस तासांत मालक शोधून देणारे.

"परवा शनिवारी दिल्लीचे पाहुणे येताहेत," ते म्हणाले. "त्यांच्यासमोर हे असं कुंपणात घालायचं? वर्कशॉपने पट्टे तपासले, मोटरा तपासल्या. परसूअण्णांनी तर डावी मोटर उजवीकडे आणि उजवी डावीकडे बसवून पाहिली. तरी उजवीकडेच जातो. मोटरीत दोष असता तर मोटरीबरोबर बाजू बदलली असती की नाही?"

"असती," हेमलता म्हणाली. तिला ते नाकारता येईना.

"मग राहिलं काय? तुमचा सेट." त्यांनी खिशातून टाईप केलेला कागद काढला. दोष रिसीव्हरमध्ये आहे. परदेशी सेट मागवावा. मिस निपाणीकर यांना सोमवारपासून लायब्ररीत कार्डं लावण्याच्या कामावर पाठवावं. खाली तिच्या सहीसाठी जागा सोडली होती.

तिने कागद दोनदा वाचला. लायब्ररीत गेलेली बाई परत कामाच्या बाकावर येत नाही, हे तिथे सगळ्यांनाच ठाऊक होतं. तिच्या आधीची एक गेली होती, ती अजून कार्डंच लावत होती.

"सर, आतले वीज जोडणारे-तोडणारे रिले एक तर चालू असतात, नाही तर बंद. थोडेसे चालू नसतात. दोन्ही मोटरांना मिळणारा दाब मी मोजलाय. सहा व्होल्ट इकडे, सहा व्होल्ट तिकडे."

"बाकावर मोजलात. चालताना काय होतं कोणी पाहिलंय? सही करा."

"नाही केली तर?"

"तर मी लिहीन, सही करण्यास नकार."

"तसंच लिहा, सर. तेवढं तरी खरं असेल."

देवस्थळींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "उद्या दहा वाजता डायरेक्टर स्वतः येताहेत. त्यांच्यापुढे हा ताठा टिकतो का बघू."

हेमलतेने डबा पायरीवर उघडला, पण भाकरी तशीच राहिली. काडीने ती मातीत रेघा ओढत बसली. रणगाडा पुढे जाताना उजवीकडे वळतो, म्हणजे उजवी बाजू मागे पडते. का मागे पडते? पट्टा घट्ट असेल, मोटर अशक्त असेल, किंवा देवस्थळी म्हणतात तसं, रिसीव्हर त्या बाजूला कमी वीज पोचवत असेल. यातलं काहीही असलं तरी ती बाजू अशक्तच राहणार, पुढे जातानाही आणि मागे येतानाही. मग मागे घेतलेला रणगाडा ज्या वाकड्या वाटेने गेला त्याच वाटेने परत येईल. लंगडा माणूस उलट पावली चालला तरी त्याच पायाने लंगडतो.

आणि तो तसा आला नाही तर?

काडी हातातच राहिली. त्याला मागे येताना कोणी पाहिलंच नव्हतं.

ट्रान्समीटरवर तिसरं बटण होतं, मागे जाण्याचं. त्यावर गेलं वर्षभर चिकटपट्टी होती. चीनच्या लढाईत नेफातून माघारीच्या बातम्या येत होत्या त्या दिवसांत देवस्थळींनी सगळ्यांना जमवून सांगितलं होतं, "आपला रणगाडा मागे जाणार नाही. खेळण्यातलासुद्धा नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. हेमलतेनेही वाजवल्या होत्या, आणि मनापासून. तेव्हापासून प्रत्येक चाचणीनंतर दोन माणसं रणगाडा उचलून रेघेच्या सुरुवातीला आणून ठेवत.

डबा झाकून ती वर्कशॉपच्या दाराशी गेली.

परसूअण्णा फोरमन होते. चिकपेटचे, तीन पिढ्या बंगळुरात राहिलेल्या मराठ्यांपैकी. मराठी बोलता बोलता मध्येच कानडीत शिरायचे आणि परत यायचे. वयाने तिच्या वडिलांएवढे, पण तिला अक्का म्हणत.

"या अक्का. पण आत नको, चपला तेलात जातील."

"अण्णा, मोटरांची जोडी कशी लावता ते बघायचं होतं."

त्यांना हा प्रश्न आवडला. दुसऱ्या महायुद्धानंतर लिलावात निघालेल्या विमानांच्या मोटरा होत्या त्या. अण्णांनी पेटीतल्या दोन काढल्या, शिकंज्यात शेजारी शेजारी आवळल्या, दोन्हींचे दांडे आपल्याकडे करून. लाल तार लाल खुणेला लावली आणि बटण दाबलं. दोघींचा एकच सूर लागला.

"ऐकलं? जुळ्या बहिणी. बावीस मोटरांतून निवडल्यात. आकड्यानंही बघितल्यात, पण आकड्याच्या आधी माझा कान सांगतो."

"दोन्ही एकाच दिशेनं फिरतात."

"मग? एकीनं हसायचं आणि एकीनं रडायचं?"

"रणगाड्यात त्या पाठीला पाठ लावून बसतात, अण्णा. एकीचा दांडा डावीकडे, दुसरीचा उजवीकडे. पुढे जायचं तर एकीला उलटं फिरावं लागतं."

"मोटरीला उलटं काय आणि सुलटं काय? तारा बदलल्या की फिरली."

"एकदा उलटी फिरवून आकडा घ्याल?"

अण्णांचं हसू मावळलं. त्यांनी शिकंजा सैल केला. "अक्का, स्वल्प ऐका. पंचवीस वर्षं मी जोड्या लावतोय. साहेबांनी तुमच्यावर आळ घेतला, वाईट वाटलं मला. पण म्हणून तो माझ्या अंगावर ढकलू नका."

"मी ढकलत नाही. विचारतेय."

"विचारलंत. सरी, बरं. आता जेवायची वेळ झाली."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता डायरेक्टर आले. मद्रासकडचे, उंच, कमी बोलणारे. रेघ नव्याने ओढली होती आणि हेमलतेने तिच्या उजव्या बाजूला दहा हात रुंदीची रांगोळी अंथरून ठेवली होती. एवढी रांगोळी कशाला, असं देवस्थळींनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "वाट उमटावी म्हणून." परसूअण्णा वर्कशॉपच्या दोन माणसांबरोबर बाजूला उभे होते.

रणगाडा निघाला आणि ठरल्यासारखा उजवीकडे गेला. पांढऱ्या रांगोळीत पट्ट्यांच्या दोन वाकड्या ओळी उमटल्या. वर्कशॉपची माणसं त्याला उचलायला पुढे झाली.

"हात लावू नका," हेमलता म्हणाली, आणि तिने तिसऱ्या बटणावरची चिकटपट्टी ओढून काढली.

"मिस निपाणीकर!" देवस्थळी दोन पावलं पुढे आले. "ते बटण वापरायचं नाही. माझा हुकूम आहे."

"ठाऊक आहे, सर."

"मग पट्टी परत लावा."

"नाही लावणार." तिचा आवाज चढला नव्हता. ती डायरेक्टरांकडे वळून इंग्रजीत म्हणाली, "दोष माझ्या सेटमध्ये असेल तर हा ज्या वाटेनं गेला त्याच वाटेनं परत येईल. तसा आला तर मी त्या कागदावर इथंच सही करते. नाही आला तर दोष दुसरीकडे आहे."

देवस्थळी म्हणाले, "रणगाडा मागे न्यायचा नाही असं आम्ही सगळ्यांनी ठरवलंय, सर. प्रश्न भावनेचा आहे."

डायरेक्टरांनी रांगोळीतल्या ओळींकडे पाहिलं. "उचलून मागे आणता तेव्हा तो मागे जात नाही का?" त्यांनी विचारलं, आणि हेमलतेला मान हलवून खूण केली.

तिने बटण दाबलं.

वीतभर तो जुन्या खुणांवरूनच मागे आला. मग शेपूट डावीकडे सरकायला लागली. नाक परत उजवीकडेच वळत होतं. तो आपली वाट सोडून कोऱ्या रांगोळीत शिरला, रेघ ओलांडून पलीकडे गेला आणि तिने बटण सोडलं तेव्हा भलत्याच जागी उभा होता. पांढऱ्यावर दोन वाटा उमटल्या होत्या, एकमेकींपासून फाटत गेलेल्या.

"पुढे जाताना उजवी मोटर हळू," हेमलता म्हणाली. "मागे येताना डावी हळू. अशक्त कोणीच नाही. जी उलटी फिरते ती हळू फिरते. मोटरा अदलाबदल केल्या तेव्हा त्यांची फिरण्याची दिशाही अदलाबदल झाली, म्हणून रणगाडा उजवीकडेच जात राहिला. बाकावर दोन्ही एकाच दिशेनं फिरवल्या, म्हणून हे तिथं दिसलं नाही."

"रिव्हर्सचा रिले वेगळा आहे," देवस्थळी म्हणाले. "त्यातही दोष असू शकतो."

"असू शकतो. मग रेडिओ सोडून देऊ. नुसती बॅटरी लावून मोटर उलटी फिरवा."

हे ती कोणाकडे बघून म्हणाली नव्हती. तेवढ्यात परसूअण्णा वळले आणि वर्कशॉपकडे चालू लागले. त्यांना कोणी पाठवलं नव्हतं. वेग मोजायचं घड्याळ आणि बॅटरी घेऊन ते परत आले, मैदानातल्या टेबलाला शिकंजा लावला, रणगाड्यातून उजवी मोटर काढून आवळली.

"सुलटी," ते म्हणाले. "मिनिटाला चार हजार दोनशे फेरे." तारा बदलल्या. बराच वेळ ते घड्याळ दांड्याला टेकवून उभे होते. "उलटी. तीन हजार आठशे." मग डावी मोटर लावली. सुलटी चार हजार दोनशे, उलटी तीन हजार आठशे.

त्यांनी मोटरीचं मागचं झाकण उघडलं. आतली कार्बनची ब्रशं ज्या चकतीवर बसतात ती चकती मधोमध नव्हती. एकाच दिशेने फिरण्यासाठी विमानवाल्यांनी ती मुद्दाम एका अंगाला सरकवून पक्की केली होती.

"हे मी रोज बघतो," अण्णा म्हणाले. "रोज बघतो आणि पुसून झाकण लावतो."

कोणी काही म्हणायच्या आत त्यांनी चकतीचे दोन स्क्रू सैल केले, उजव्या मोटरीची चकती तेवढीच दुसऱ्या अंगाला सरकवली आणि घड्याळ लावून हवा तो आकडा येईपर्यंत केसाकेसाने हलवली. तासाभराने रणगाडा रेघेवरून निघाला आणि रेघेवरूनच दुसऱ्या टोकाला गेला. हेमलतेने तो तसाच मागे आणला. तेव्हाही रेघ दोन पट्ट्यांच्या मधोमध राहिली. डायरेक्टर "गुड" एवढंच म्हणाले आणि गाडीकडे गेले.

संध्याकाळी पाच वाजता देवस्थळींनी तिला खोलीत बोलावलं. नवा कागद टाईप झाला होता. *रिसीव्हरमध्ये किरकोळ दुरुस्ती केल्यानंतर नमुना समाधानकारक चालत आहे.*

"रिसीव्हरला मी हात लावलेला नाही," ती म्हणाली.

"अहो, शब्दांत काय आहे? रणगाडा सरळ चालतोय ना? वर्कशॉपची उगाच नाचक्की कशाला? पंचवीस वर्षांचा माणूस आहे तो."

"आणि लायब्ररीची ऑर्डर?"

"ती निघून गेलीय. आता लगेच कशी फिरवणार? सहा महिन्यांनी बघू."

हेमलतेने पेन उघडलं. ती ओळ आडवी खोडली आणि खाली उभ्या उभ्याच लिहिलं: रिसीव्हर निर्दोष. मोटरा एकाच दिशेने फिरवून जुळवल्या होत्या. उलट दिशेचा वेग मोजला नव्हता. रणगाडा मागे नेण्यास मनाई असल्यामुळे दोषाचं मूळ वर्षभर दिसलं नाही. पुढे चारी आकडे. मग सही.

"हे शेवटचं वाक्य चालणार नाही," देवस्थळी म्हणाले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "हे थेट माझ्यावर आहे."

"ते मनाईवर आहे, सर."

"आणि वर्कशॉप हे मान्य करेल असं वाटतं तुम्हाला?"

तिने कागद उचलला आणि अंगण ओलांडून वर्कशॉपमध्ये गेली. या वेळी दाराशी थांबली नाही. परसूअण्णा हात धूत होते. तिने कागद धरला आणि वाचून दाखवला, एकही शब्द मऊ न करता. 'वेग मोजला नव्हता' येताच अण्णांनी डोळे मिटले.

"माझं नाव नाही घातलं."

"नाही."

"का? दया?"

"चाचणी चुकली म्हणून लिहिलंय. माणूस चुकला म्हणून नाही."

"चाचणी आपोआप चुकते होय, अक्का?" त्यांनी हात पुसले, पेन मागितलं आणि तिच्या सहीखाली कानडीत आपलं नाव लिहिलं, शेजारी 'जोडी मी लावली' असंही लिहिलं. "घ्या. आता साहेबांना म्हणावं, दोघांच्याही सह्या खोडा."

साहेबांनी खोडल्या नाहीत. त्यांनी कागद फायलीत घातला आणि तिच्याशी बोलणं सोडलं.

शनिवारचं प्रदर्शन पार पडलं. सोमवारी सकाळी हेमलता लायब्ररीकडे वळलीच नाही. ती आपल्या बाकापाशी गेली, डाग द्यायची इस्त्री तापत ठेवली आणि दुसऱ्या रिसीव्हरचा आराखडा उलगडला. सव्वानऊला शिपाई ऑर्डर घेऊन आला.

"अम्मा, इथं सही करा. लायब्ररीत वाट बघतायत."

"वाट बघू देत."

"साहेबांना काय सांगू?"

"सांग की बाई बाकावर आहे. उठवायचं असेल तर स्वतः येऊन उठवा."

शिपाई घोटाळला, मग कागद बाकाच्या कडेला ठेवून निघून गेला. इस्त्री तापली होती. तिने तो कागद हाताने बाजूला सारला, तारेचं टोक कातरलं आणि पहिला टाका मारला.