जुन्या कुपीतला विषाणू

प्रयोगशाळेत सगळे तिला ताई म्हणत, तिच्याहून मोठे असलेले प्रयोगशाळेचे प्रमुख सरसुद्धा. अकरा वर्षं तिने पपईवरच्या एकाच रोगाचा पिच्छा पुरवला होता. त्या रोगात पानं आक्रसतात, फळांवर वर्तुळं उमटतात आणि बघता बघता बाग बसते. तिने त्या विषाणूच्या जनुकाचा एक तुकडा पपईतच घातला. झाड तो ओळखून ठेवतं आणि तसाच विषाणू आत शिरला, की त्याच्या जनुकाचं तोंड तिथल्या तिथे बंद करतं. सांगायला एवढंच, पण तेवढ्यापायी तिचे केस पिकले.

दर वर्षी रोपांची परीक्षा व्हायची. फ्रीजरमधली एक कुपी काढायची, त्यातला रोगट पानांचा रस रोपांच्या पानांवर चोळायचा आणि महिनाभर वाट पाहायची. रोपं दर वेळी हिरवीगार राहायची. कुप्या सगळ्या पहिल्या वर्षी भरलेल्या, तिच्या वडिलांच्या याच रोगाने बसलेल्या बागेतल्या शेवटच्या झाडाच्या रसाने. सर बजावायचे, "रस बदलायचा नाही हं. मागच्या निकालांशी तुलना कशी करणार?" तिला ते पटायचं. स्वतःच्या काटेकोरपणाचं कौतुकही वाटायचं.

वडिलांनी त्या जमिनीत दुसरं काही लावलंच नाही. लोक हसले, की ते म्हणायचे, "माझी पोरगी रोपं आणणार आहे." आता ते एक्याऐंशीचे झाले होते. यंदा चाचणीची परवानगी मिळाली आणि तिने चाळीस रोपं स्वतःच्या हातांनी तिथे लावली. म्हातारा दिवसभर राखण करत बसायचा. कशापासून, ते विचारायची सोय नव्हती.

सातव्या महिन्यात फळांवर वर्तुळं दिसली.

तिने पानं नेऊन विषाणूचं जनुक वाचलं आणि कुपीतल्याशी ताडून पाहिलं. तिचा तुकडा जिथे जुळायला हवा, नेमका तिथेच बागेतला विषाणू बदलला होता. बाहेरचा विषाणू कधीच पुढे निघून गेला होता आणि ही शहाणी फ्रीजरमधल्या जुन्या शत्रूला दर वर्षी हरवत बसली होती. प्रयोगशाळेच्या कुंपणापलीकडेच रोगट झाडं होती. त्यांचं एक पान आणून चोळावं, हे एकदाही सुचलं नाही. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असं तिला वाटलं.

"नवा तुकडा घालू," सर म्हणाले. "सात-आठ वर्षांत होईल." ते पुढच्या महिन्यात निवृत्त होणार होते.

चाचणीच्या नियमाप्रमाणे सगळी झाडं तोडून जाळायची होती. ती बागेत गेली.

"बाबा, चूक माझीच आहे," म्हणताना तिला रडू फुटलं.

"नवी रोपं कधी आणशील?"

"आठ वर्षं लागतील."

ते उठून तिच्याजवळ आले. मग तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "ती काही मी बघत नाही गं आता. या जमिनीत दुसरं काहीतरी लाव."

अकरा वर्षांत ते असं कधीच बोलले नव्हते. तिने कुऱ्हाड उचलली आणि पहिल्या झाडापाशी गेली.